कंपनीच्या जागेवरची सोसायटी: माती बदलली की संपलं?

मुठेकाठची
काल 'सेक्रेटरी चिंचवड' यांनी लिहिलं: "आमच्या जागेवर पूर्वी कंपनी होती म्हणून लोक उगाच घाबरवतात. बिल्डरने दहा फूट माती काढून मुरूम भरला. आठ वर्षं झाली, वास नाही, काही नाही. फ्लॅटचे भाव पाडायचे धंदे आहेत सगळे." एका ओळीत उत्तर देऊन सोडणार होते, पण राहवलं नाही.

साहेब, प्रश्न मातीचा नाही, वाफेचा आहे. इंजिनिअरिंग कंपन्यांत पार्टवरचं ग्रीस काढायला ट्रायक्लोरोएथिलीन असायचं. ते पाण्यापेक्षा जड. सांडलं की मुरत मुरत खाली जातं आणि आपल्या काळ्या पाषाणाच्या भेगांत बसतं. तिथून वर्षानुवर्षं वाफ वर येते. पाइप जिथून आत शिरतो ती फट, स्लॅबची चीर, लिफ्टचा खड्डा, सापडेल तिथून आत. तुमचा मुरूम तिला अडवत नाही, उलट मोकळी वाट देतो. आणि वासाचं म्हणाल, तर अमेरिकेत घरातल्या हवेसाठी घनमीटरमागे २ मायक्रोग्रॅमच्या आसपास गेलं की चौकशी लागते. नाकाला कळायला त्याच्या हजारो पट लागतं.

सेक्रेटरी चिंचवड
आलं अमेरिकेचं! तिथे घरं बंद, हीटर चालू, म्हणून खालची हवा वर ओढली जाते. आमच्याकडे खाली पार्किंग, चारी बाजूंनी वारा. शिवाय आमच्याकडे लॅबचा रिपोर्ट आहे, सगळं मर्यादेत. तुम्ही आलात का कधी आमच्या बिल्डिंगमध्ये?

जुना फिटर
मी भोसरीत २६ वर्षं काढली. ट्रायक्लोरोने ग्रीस काढायची टाकी मला विचारा. खाली हीटर, वरच्या बाजूला थंड पाण्याची कॉइल, मधे वाफ तरंगायची. पार्टाची जाळी सोडायची आणि वाकून बघायचं, ग्रीस निघालं का. दुपारपर्यंत डोकं जड, दारू प्यायल्यासारखं. सुपरवायझर म्हणायचा, ताक पी. तळाचा गाळ शनिवारी बादलीने काढून शेडच्या मागे, कंपाउंडच्या भिंतीला ओतायचा. मी स्वतः ओतलाय. आता त्या भिंतीपाशी मुलांचा झोपाळा आहे. फ्लॅटवाल्यांची काळजी करताय, करा. आमच्या बॅचचं आजवर कुणी विचारलं नाही.

मुठेकाठची
काका, तुमचं म्हणणं खरं आहे. ट्रायक्लोरोने कॅन्सर होतो यावर जागतिक आरोग्य संघटनेच्या कॅन्सर संस्थेने २०१२ मध्ये शिक्कामोर्तब केलं. तोवर तुमच्या बॅचचं आयुष्य त्या टाकीवर गेलेलं होतं.

दुसरा मजला, बी विंग
चारी बाजूंनी वारा?? मी ह्याच सोसायटीत राहतो. वरचं पार्किंग उघडं आहे, पण खाली दोन बेसमेंट आहेत ते का सांगत नाही? आणि तिथला पंखा दिवसातून दोन तास चालतो, कारण कमिटीला लाइट बिल वाचवायचंय. मी तीनदा पत्र दिलं.

सेक्रेटरी चिंचवड
पत्र देणाऱ्याने आधी मेंटेनन्स भरावा. सात महिने थकलाय.

दुसरा मजला, बी विंग
मेंटेनन्स भरत नाही कारण हिशेब दाखवत नाही. क्लब हाउसला एसी दोन टनाचा, आणि पंख्याला पैसे नाहीत?

कर्वेनगरचा
आमच्याकडेपण तेच. पंखा लावला की तळमजल्यावरचे ओरडतात, आवाज होतो म्हणून.

सेक्रेटरी चिंचवड
आमच्या पंख्याचं बेअरिंग गेलंय. कोटेशन मागवलंय. सगळ्या जगाला सांगायची गरज नव्हती.

मुठेकाठची
भांडा, पण पंखा हाच मुद्दा आहे. २०१२ च्या अखेरीस कॅलिफोर्नियात गूगलच्या दोन इमारतींत असंच झालं. जागा जुन्या चिप कारखान्यांची. हवा खेळवायच्या यंत्रणेत गडबड झाली आणि खालचं ट्रायक्लोरो आत आलं. तिथं निदान मोजत होते म्हणून कळलं.

शंकासुर
ताई, मोजून पुढे काय? जमिनीत पाइप घालून व्हॅक्यूमने वाफ ओढायची, कोळशाच्या टाकीतून गाळायची, सगळं वाचलंय. ब्लोअर बंद केला की काही महिन्यांत आकडा परत चढतो. वर आपली काळी माती ओली झाली की हवा सोडत नाही, आणि पाषाणातली भेग कुठे जाते ते देवाला ठाऊक. २०२५ च्या जुलैत केंद्राने दूषित जागांचे नियम काढले, तेव्हा देशात १०३ जागा यादीत होत्या आणि काम सुरू होतं ७ ठिकाणी. तुमच्या चिंचवडचा नंबर कधी लागणार?

मुठेकाठची
आकडा परत चढतो म्हणूनच तर पुन्हा पुन्हा मोजायचं! अख्खी जमीन धुवा असं मी कुठं म्हटलं? स्लॅबला भोक पाडून खालची हवा ओढून घेणारा छोटा पंखा बसवला तरी घरात येणारी वाफ खूप कमी होते. पण आधी स्लॅबखालची हवा तपासा. पावसाळ्यात एकदा, उन्हाळ्यात एकदा. साहेब, तुमच्या रिपोर्टात ती आहे का?

शंकासुर
बरं, छोट्या पंख्यापुरतं मान्य. नियमांवर माझा विश्वास तरीही नाही.

सेक्रेटरी चिंचवड
फाइल काढली. माती आणि बोअरचं पाणी. हवेचा नमुना नाही. तारीख १९ ऑगस्ट.

जुना फिटर
माती कशात नेली होती? प्लास्टिकच्या पिशवीत नेली असेल तर लॅबला पोचेस्तोवर अर्धं उडून गेलं असणार.

सेक्रेटरी चिंचवड
पिशवीतच. फोटो आहे. झालं समाधान?

दुसरा मजला, बी विंग
पंखा?

सेक्रेटरी चिंचवड
उद्यापासून आठ तास. आवाजाची तक्रार तुमच्या नावाने घेईन.

जुना फिटर
बेअरिंगचा नंबर टाका. कोटेशनची वाट बघू नका, रविवारी मी येतो.