गाव दोन गटांत, बांधाला खांड. यंदा भात कसं लावू?

खारपट्ट्यातली सून:
आमचं गाव अलिबाग तालुक्यात, धरमतर खाडीच्या काठाला. सव्वा एकर खारजमीन, भाताचं एकच पीक. आठ वर्षांपूर्वी प्रकल्पाला जमीन द्यायची की नाही यावरून गाव फुटलं. मारामारी झाली, पोलीस केसेस झाल्या. प्रकल्प आलाच नाही, केसेस अजून चालू आहेत. देणारे आणि न देणारे एकमेकांच्या हळदीला जात नाहीत, मयतालाही लांब उभे राहतात.

खाडीचं पाणी अडवणारा बांध खासगी, म्हणजे दुरुस्ती गावानेच करायची. पूर्वी जोळ असायची, म्हणजे सगळ्यांनी मिळून बांधाचं काम. घरटी एक माणूस, माघ-फाल्गुनात चिखल काढून बांधावर थापायचा. सासरे सांगतात, ज्याच्या घरचं कुणी आलं नाही त्याच्या ओटीवर संध्याकाळी चौघे जाऊन विचारायचे, "काय रे, बरं नाही का?" आता कुणी कुणाला विचारत नाही. सर्वपित्रीच्या उधाणाला बांध फुटून पंधरा फुटांची खांड पडली आणि निसवलेलं भात खाऱ्या पाण्यात बुडालं. आज शेतात पाय ठेवला की पांढरा थर कुरकुरतो.

यंदा कुठलं बियाणं लावू? आणि जोळ पुन्हा कशी उभी करू? रात्र रात्र झोप लागत नाही.

दापोलीचा विद्यार्थी:
ताई, आधी माती तपासून घ्या. विद्युत वाहकता, म्हणजे मातीतल्या क्षाराचं माप, ४ डेसिसायमन प्रति मीटरच्या वर गेली असेल तर नेहमीच्या भाताचं उत्पन्न घटतं. पनवेलच्या खारभूमी संशोधन केंद्राचे पनवेल-१, पनवेल-२, पनवेल-३ हे वाण क्षार सोसतात. जुन्यांपैकी काळा राता आणि भुरा राता. रोपं खारात टाकू नका, वरकस, म्हणजे उंचावरच्या गोड जमिनीत वाफे करा. सुरुवातीच्या पावसाचं पाणी शेतात कोंडा, ओहोटीला उघाडीतून (बांधातल्या झडपेतून) सोडून द्या, पुन्हा कोंडा. असं दोन-तीनदा झालं की मीठ बरंच धुऊन जातं. लावणीची घाई नको. रोप जरा जून झालेलं घ्या आणि एका चुडात, म्हणजे एका जागी लावायच्या जुडीत, काड्या जास्त ठेवा.

पेणचे काका:
सूनबाई, बियाणं नंतर. खांड उघडी असताना कोंडलेलं पाणी राहणार कुठे? ती तशीच राहिली तर काही वर्षांत तिवरं, म्हणजे कांदळवनाची झाडं, उगवतील, आणि कांदळवन तोडायला उच्च न्यायालयाची मनाई आहे. मग सातबाऱ्यावर शेत आणि समोर जंगल. आमच्या शेजारच्या खारीत हे झालंय, बघवत नाही.

गावसभा बोलावू नका, तिथे जुनी भांडणं आधी उठतील. खांडीला लागून ज्यांची शेतं आहेत, दोन्ही गटांतली, तेवढीच पाच-सहा घरं गाठा. प्रत्येकाच्या क्षेत्राप्रमाणे बांधाची लांबी फुटांत वाटून वहीत लिहा. काम भांगाच्या दिवसांत धरा, अष्टमीच्या आसपास, तेव्हा पाण्याला जोर नसतो. तुमच्याच तालुक्यात चरी गावचा खोतांविरुद्धचा शेतकरी संप १९३३ पासून १९३९ पर्यंत चालला. जमिनी पडीक राहिल्या, पण माणसं एकमेकांना धरून होती. तुमच्याकडे उलट झालंय, म्हणून या पाच-सहा घरांपासून सुरुवात करा.

उरणची वाचक:
एक भीती खरी आहे, तिला हलकं समजू नका. केस चालू असताना सोबत काम केलं तर उद्या कुणी म्हणेल, यांनी समझोता केला. आमच्याकडे याच कारणाने लोक मागे हटले.

पेणचे काका:
बरोबर बोललात. वहीच्या पहिल्या पानावर लिहा: हे काम फक्त बांधाचं, कुणाच्या दाव्याशी संबंध नाही. सगळ्यांच्या सह्या घ्या. वकिलालाही दाखवा.

खारपट्ट्यातली सून:
काका, वही आणली. खांडीला लागून सहा घरं आहेत, तीन आमच्या बाजूची, तीन पलीकडची. पलीकडच्या एका काकूंकडे मी लग्न होऊन आले तेव्हा मीठ-भाकर खाल्ली होती. उद्या सकाळी आधी त्यांच्याकडे जाते, सासऱ्यांना सांगून. काळा राताचं बियाणं कुणाकडे घरचं असेल तर कळवा. सहाही घरांना पुरेल एवढं हवंय.