ऑपरेशननंतर आईचा डोळा अंधारात चमकतो, काही बिघडलंय का?

मिरजकर:
आई ७१ वर्षांची. तीन आठवड्यांपूर्वी उजव्या डोळ्याचं मोतीबिंदूचं ऑपरेशन झालं, घडीची लेन्स बसवली. नजर छान आली आहे. काल संध्याकाळी देवापुढे दिवा लावून ती वळली आणि उजव्या बाहुलीत काचेचा तुकडा लकाकावा तशी चमक दिसली. माझी सहा वर्षांची मुलगी ओरडली, "आजीच्या डोळ्यात मांजर आहे!" तेव्हापासून ती आजीजवळ झोपायला तयार नाही. आईला कळल्यावर तीही हिरमुसली.

शिवाय उजवी पापणी किंचित खाली आल्यासारखी वाटते. पहिल्या आठवड्यात पांढऱ्या भागात रक्ताचा लाल डाग होता, तो आता गेलाय. दुखत नाही, पाणी येत नाही. तपासणीची तारीख पुढच्या महिन्यात आहे. तोवर थांबू का?

निवृत्त नेत्र सहाय्यक:
तालुक्याच्या शिबिरांत बरीच वर्षं काढली, त्यावरून सांगतो. चमक ही लेन्सची. आपलं मूळचं भिंग आणि त्याच्या पुढचं पाणी यांचा प्रकाश वळवण्याचा गुण जवळपास सारखा, त्यामुळे भिंगाच्या पृष्ठभागावरून फारच थोडा उजेड परत फिरतो. अॅक्रिलिकच्या लेन्सचा हा गुण पाण्यापेक्षा बराच जास्त, आणि काही लेन्सचा पुढचा भाग सपाटही असतो. मग ठरावीक कोनातून उजेड पडला की ती आरशासारखी लकाकते. संध्याकाळी बाहुली मोठी होते म्हणून जास्त जाणवतं. सगळ्यांत दिसत नाही, लेन्सच्या प्रकारावर आहे. नजरेला धोका नाही.

फरक ओळखायची खूण अशी: मान जरा वळवली की चमक नाहीशी होते. कोणत्याही बाजूने पाहिलं तरी बाहुली पांढरट दिसत असेल, तर ते वेगळं प्रकरण, लगेच दाखवायचं.

पापणीचं म्हणाल, तर ऑपरेशनच्या वेळी डोळा उघडा ठेवायला चिमटा लावतात, त्याच्या ताणाने ती थोडी उतरते. बहुतेकांची काही आठवड्यांत, कधी काही महिन्यांत वर येते. पण एकाएकी खूप खाली आली, एकाचे दोन दिसू लागले, किंवा दुखणं, लाली वाढली, नजर अंधुक झाली, तर तारखेची वाट पाहू नका. त्याच दिवशी जा, रात्र असली तरी.

कोल्हापूरची लेक:
माझ्या बाबांचं दोन वर्षांपूर्वी झालं. लग्नाच्या अल्बममध्ये फ्लॅशच्या प्रत्येक फोटोत त्यांचा एक डोळा चमकतोय. फोटोग्राफरने विचारलं, "काढून टाकू का?" बाबा म्हणाले, "पैसे मोजून बसवलाय, राहू दे."
मिरजकर, आईंनी रंगांबद्दल काही सांगितलं का? बाबा आठवडाभर एकेक डोळा झाकून भिंत बघायचे. ऑपरेशनच्या डोळ्याने पांढरी, दुसऱ्याने चहा सांडल्यासारखी.

निवृत्त नेत्र सहाय्यक:
वयाबरोबर भिंग पिवळं पडतं, ते निळा उजेड अडवतं. ते काढलं की निळं एकदम उजळतं. बाकी दिसण्याची काळजी करणाऱ्यांनी जुने चष्मे आठवावेत! लेन्स बसवत नसत तेव्हा दहा नंबरच्या आसपासचं जाड भिंग लावावं लागे, त्यामागे डोळे बटाट्याएवढे दिसायचे. लंडनच्या हॅरॉल्ड रिडली यांनी १९४९ मध्ये पहिली लेन्स बसवली. युद्धात वैमानिकांच्या डोळ्यांत घुसलेले विमानाच्या प्लास्टिकचे कपचे डोळा सहन करतो, हे त्यांनी पाहिलं होतं.

मिरजकर:
सर, मान वळवून बघितलं, चमक जाते. पापणीसाठी तरी आज फोन केला, शुक्रवारी बोलावलंय.
रंगांचं बरोबर आहे. आईने परवा देव्हारा पाहून कपाळाला हात लावला. "इतकी वर्षं मी या काजळीत देव ठेवलेत?" म्हणून चिंच लावून सगळं घासलं, वाकून काम करू नको सांगितलं होतं तरी. आरशासमोर उभी राहून सुरकुत्याही मोजल्या. मुलीला मी टॉर्च दिला आणि चमक कुठून दिसते ते शोधायला लावलं. डोळ्यात सरळ मारायचा नाही, बाजूनेच, एवढीच अट. आता तीच शेजारच्या मुलांना बोलावून आणते, आणि आई वैतागून काळा चष्मा घालून बसते.