मे महिन्यातली चित्रपटमालिका डिसेंबरात न्यावी का?

धागा मांडणारी : चित्रपट निवडणारी सभासद

नागपूरच्या महाल भागातल्या आमच्या संस्थेच्या छोट्या नाट्यगृहात दर उन्हाळ्यात, मे महिन्यातल्या प्रत्येक शनिवारी संध्याकाळी मराठी चित्रपट दाखवले जातात. पुढच्या वर्षापासून ही मालिका डिसेंबरात घ्यावी, असा प्रस्ताव कार्यकारिणीपुढे आला आहे. त्याला माझा विरोध आहे आणि तो का, हे सविस्तर सांगणे मला आवश्यक वाटते.

मे महिन्यात आपल्याकडे सकाळी अकरानंतर रस्ते ओस पडतात आणि मुले संध्याकाळपर्यंत घरात कोंडलेली असतात. उर्वरित महाराष्ट्रातल्या शाळा जूनच्या मध्याला उघडतात, पण विदर्भातल्या शाळा उन्हामुळे महिनाअखेरीकडेच सुरू होतात. एवढ्या लांब सुट्टीत, ज्यांचे आईवडील त्यांना मामाच्या गावाला किंवा थंड हवेच्या ठिकाणी पाठवू शकत नाहीत, त्या मुलांसाठी वस्तीत दुसरे काय आहे? गेल्या वर्षी आपण 'किल्ला' दाखवला. अविनाश अरुण यांच्या या चित्रपटाला २०१४ साली बर्लिनच्या महोत्सवात बालचित्रपटांच्या विभागात क्रिस्टल बेअर हा पुरस्कार मिळाला होता, हे मी सुरुवातीला सांगितले तेव्हा मुलांचे फारसे लक्ष नव्हते. पण पडद्यावर कोकणातला पाऊस कोसळू लागला आणि सभागृह एकदम शांत झाले. बाहेर ४५ अंशांचा दिवस नुकताच मावळला होता, कूलरच्या ओल्या वाळ्याचा वास पसरला होता, आणि पहिल्या रांगेतली एक मुलगी हळूच खुर्ची सोडून कूलरच्या तोंडाशी जाऊन बसली आणि अंगावर तुषार घेत तिथूनच चित्रपट पाहत राहिली. ती संध्याकाळ डिसेंबरात घडली नसती.

शिवाय डिसेंबरात सभागृह मोकळे मिळणार तरी कसे? तुळशीच्या लग्नानंतर लग्नसराई सुरू होते, राज्य नाट्य स्पर्धेच्या तालमींनाही त्याच सुमारास जागा लागते, आणि मुले शाळेच्या स्नेहसंमेलनात गुंतलेली असतात.

प्रतिसाद १ : ध्वनिव्यवस्था सांभाळणारा सभासद

ताई, तुमच्या तळमळीबद्दल मला आदर आहे, परंतु तो प्रस्ताव मीच मांडला आहे, तेव्हा त्यामागची कारणे सांगणे माझे कर्तव्य आहे. तुम्ही पहिल्या रांगेचे सांगितले, मी शेवटच्या रांगेचे सांगतो.

आपल्याकडे वातानुकूलन नाही, पत्र्याचे दोन मोठे कूलर आहेत. कूलर थंड हवा आत ढकलतो, पण ती हवा बाहेर जायला वाट लागते. समोरच्या खिडक्या बंद ठेवल्या तर अर्ध्या तासात सभागृह दमट होते आणि खुर्च्या पाठीला चिकटू लागतात. खिडक्या उघड्या ठेवल्या तर रस्त्यावरचे हॉर्न आत येतात, आणि मे महिन्यात सात वाजताही उजेड असल्यामुळे पडदा पांढुरका दिसतो. त्यावर दोन्ही पंख्यांची घरघर असतेच. 'श्यामची आई'च्या वेळी मी आवाज शक्य तितका वाढवला, तेव्हा स्पीकर फाटू लागले आणि कमी केला, तेव्हा मागच्या चार रांगांना आईची भूमिका करणाऱ्या वनमालाबाईंचे हळुवार बोलणे पोहोचेनासे झाले. १९५४ साली ज्या चित्रपटाला पहिले राष्ट्रपती सुवर्णपदक मिळाले, तो आपण आपल्या मुलांना अर्धवट ऐकवला, याचे मला आजही वाईट वाटते. उपशीर्षकांचा उपाय सुचवला जाईल, पण मराठी चित्रपटांवरची उपशीर्षके बहुधा इंग्रजी असतात आणि दुसरी-तिसरीतल्या मुलांना ती त्या वेगाने वाचता येत नाहीत.

डिसेंबरात पावणेसहाच्या आत सूर्य मावळतो, पंखासुद्धा लागत नाही आणि खिडक्या बंद ठेवता येतात. चित्रपट जसा ऐकायला हवा, तसा त्याच दिवसांत ऐकू येतो.

प्रतिसाद २ : दोन मुलांची आई

मला तांत्रिक बाजू कळत नाही, पण माझी मुले ती मालिका संपल्यावर आठवडाभर तिच्याबद्दल बोलत होती. डिसेंबरात शनिवारी संध्याकाळी त्यांची शिकवणी असते, त्यामुळे ती येऊ शकणार नाहीत.

प्रतिसाद ३ : निवृत्त शिक्षक

माझे मत प्रस्तावाच्या बाजूने आहे. दिवसभर तापलेल्या भिंती रात्री नऊपर्यंत धग सोडत असतात आणि माझ्या वयाच्या माणसाला त्या वेळी घराबाहेर पडणे झेपत नाही. गेल्या मे महिन्यात मी एकदाच आलो आणि मध्यंतरातच परतलो. ही मालिका सबंध वस्तीची आहे, केवळ मुलांची नाही, एवढेच माझे नम्र म्हणणे आहे.

प्रतिसाद ४ : तबला शिकवणारा सभासद

ज्या चित्रपटांत संवादच नाहीत, ते उन्हाळ्यात दाखवले तर? दादासाहेब फाळक्यांचा 'राजा हरिश्चंद्र' ३ मे १९१३ रोजी मुंबईत प्रदर्शित झाला. म्हणजे आपल्या चित्रपटाचा जन्मच मे महिन्यातला आहे. त्याचा काही भागच आज शिल्लक आहे, पण 'कालियामर्दन' (१९१९) बऱ्याच अंशी उपलब्ध आहे आणि त्यात बाळकृष्णाचे काम फाळक्यांची कन्या मंदाकिनी हिने केले आहे. आपल्या मुलांना त्यांच्याच वयाची मुलगी शंभराहून अधिक वर्षांपूर्वीच्या पडद्यावर दिसेल. पेटी आणि तबल्याची साथ आमचे विद्यार्थी प्रत्यक्ष बसून करतील.

प्रतिसाद ५ : ध्वनिव्यवस्था सांभाळणारा सभासद

ही सूचना मला मनापासून आवडली, कारण ती माझी अडचण टाळत नाही, तिचा विचार करते. तरीही सगळे शनिवार मूकपटांवर निघणार नाहीत, आणि बोलपट कूलरच्या आवाजात दाखवायला माझी तयारी नाही. गुरुजींची अडचणही यातून सुटत नाही.

प्रतिसाद ६ : धागा मांडणारी

दादा, शेवटच्या रांगेचे तुम्ही लिहिले ते मला ठाऊक नव्हते. मी पुढे बसते आणि मुलांकडे पाहत असते. मूकपट मे महिन्यातच ठेवावेत आणि सुरुवात साडेसातला करावी, म्हणजे खिडक्या उघड्या राहिल्या तरी पडद्यावर उजेड येणार नाही. गुरुजींसाठी एक-दोन बोलपट जानेवारीत, लग्नाची तारीख नसलेल्या एखाद्या शनिवारी घेता येतील. परंतु मे महिन्यातून बोलपट पूर्णपणे काढायला मी अजून तयार नाही. दुपारी चारपासून कूलर चालवून सभागृह आधीच थंड केले आणि चित्रपट सुरू होताना एक कूलर बंद ठेवला, तर आवाज किती कमी होतो आणि गारवा किती वेळ टिकतो, हे आपण एकदाही पाहिलेले नाही. येत्या शनिवारी सभागृह रिकामे आहे. तुम्ही शेवटच्या रांगेत बसा, मी 'श्यामची आई' लावते. कूलरमध्ये पाणी मी भरून ठेवीन.