सुट्या भागांची स्ट्रॅट घरी जोडतोय: ब्रिजची भोकं जुळत नाहीत, पुढचा क्रम कसा ठेवू?

सहा_तारा (दादर)

नमस्कार मंडळी. स्ट्रॅट (स्ट्रॅटोकास्टर) पद्धतीची इलेक्ट्रिक गिटार सुटे भाग घेऊन घरीच जोडायची आहे. कुठेही भोक पाडण्याआधी जाणकारांना विचारतो. व्हर्नियर कॅलिपरने मोजलेली मापं अशी:

बॉडी बासवुडची, ४५ मिमी जाड, पॉलिश झालेली. नेक पॉकेट (नेक, म्हणजे गिटारची मान, बसवायचा खळगा) ५६.४ मिमी रुंद, १६ मिमी खोल. ट्रेमोलोची (हलणाऱ्या ब्रिजची) सहा भोकं आधीच पाडलेली आहेत, पहिल्यापासून सहाव्याच्या मध्यापर्यंत ५६ मिमी.
नेक मेपलची, २२ फ्रेटची (धातूच्या आडव्या पट्ट्यांची), २५.५ इंच स्केल (तारेची वाजती लांबी). पॉकेटमध्ये बसणारा भाग ५५.८ मिमी रुंद. स्क्रूची भोकं नाहीत, लाकूड कोरं आहे.
ब्रिज (बॉडीवर तारा टेकतात तो भाग) सहा स्क्रूचा ट्रेमोलो, पण त्याचं अंतर ५२.५ मिमी निघालं. बॉडीवर ठेवला की कडेचे स्क्रू सरळ उभेच राहत नाहीत.
पिकअप (तारांचं कंपन पकडणारे) तीन सिंगल कॉइल, म्हणजे एका वेटोळ्याचे. पॉट (आवाज आणि टोनचे फिरते नॉब), स्विच, जॅक अजून घेतलेले नाहीत.

प्रश्न तीन. ब्रिजची भोकं थोडी मोठी करून भागेल का? कामाचा क्रम काय ठेवू? आणि २५ वॅटची सोल्डरिंग आयर्न आहे, ती पुरेल ना? जागा म्हणाल तर जेवणाचं टेबल, हत्यारं म्हणाल तर हातड्रिल आणि दोन क्लॅम्प.

---

नेक_आणि_पॉकेट

भोकं मोठी करू नका. ट्रेमोलो त्या सहा स्क्रूंच्या मानेवर तोलला जातो आणि मागून स्प्रिंग, पुढून तारा त्याला सतत ओढत असतात. सैल भोकात, त्यातही बासवुडसारख्या मऊ लाकडात, स्क्रू महिन्याभरात पुढे कलतात आणि मग ट्यूनिंग कधीच टिकत नाही. ५६ मिमी हे जुन्या अमेरिकन पद्धतीचं माप, ५२.५ हे आशियाई कारखान्यांचं. जाहिरातीत दोघांनाही नुसतं ‘स्ट्रॅट ब्रिज’ म्हणतात, म्हणून ही चूक सर्रास होते. ब्रिज बदलून ५६ चाच घ्या. बदलून मिळत नसेल तर जुन्या भोकांत कठीण लाकडाच्या खुंट्या फेव्हिकॉल लावून ठोका, एक दिवस सुकू द्या, पृष्ठभागाशी सपाट कापा आणि नव्या मापाने भोकं पाडा. पण पॉलिश झालेल्या बॉडीवर हे काम दिसून येतं. माझं मत विचाराल तर ब्रिज बदलणंच बरं.

नवा ब्रिज घेताना त्याच्या ब्लॉकची (बॉडीत खाली उतरणाऱ्या धातूच्या ठोकळ्याची) लांबीही मोजा. तुमची बॉडी ४५ मिमीची आहे, तिला ४२ मिमीच्या आसपासचा ब्लॉक चालतो. पातळ बॉडीत तोच ब्लॉक मागून बाहेर डोकावतो आणि मागचं झाकण बसत नाही.

आता नेक. इथे घाई झाली तर पुढचं सगळं बिघडतं. ड्रिल हातात घेण्याआधी नेक पॉकेटमध्ये ठेवून क्लॅम्प लावा (मध्ये जुना पट्टा किंवा कॉर्कचा तुकडा ठेवा, नाहीतर फ्रेट दबतील) आणि ब्रिज दोन स्क्रूंवर टेकवा. नटच्या (नेकच्या डोक्याकडच्या खाचांच्या पट्टीच्या) आतल्या कडेपासून बाराव्या फ्रेटच्या मध्यापर्यंत ३२४ मिमी भरलं पाहिजे. नटपासून पहिल्या तारेचं सॅडल (ब्रिजवरचा तार टेकवणारा सरकता तुकडा) ६४८ मिमीपेक्षा एक-दोन मिमी मागे आणि सहाव्या तारेचं त्याहून आणखी तीन-चार मिमी मागे जाऊ शकलं पाहिजे. सॅडलला तेवढी धाव उरत नसेल तर ती गिटार वरच्या फ्रेटवर कधीच सुरात बोलणार नाही, आणि हे आत्ताच कळलेलं बरं.

मग पहिल्या आणि सहाव्या तारेच्या जागी शिवणाचा दोरा ताणा, नटच्या खाचेतून थेट सॅडलपर्यंत. शेवटच्या फ्रेटवर दोन्ही बाजूंना फ्रेटबोर्डची कड सारखी उरली पाहिजे. ५६ मिमीच्या ब्रिजवर ती साधारण तीन-तीन मिमी येते. नेक हलवत तिथे आणा आणि मगच क्लॅम्प आवळा.

बॉडीतली चार भोकं ४.५ मिमीची असू द्या. स्क्रू त्यातून नुसता सरकत गेला पाहिजे. स्क्रूचे आटे बॉडीच्या लाकडात पकडले की नेक आणि पॉकेटमध्ये केसाएवढी फट राहते, स्क्रू कितीही पिळा ती मिटत नाही. ४.५ चाच बिट बॉडीच्या मागून हाताने फिरवून नेकवर मध्यखूण करा. नेक काढा आणि मेपलमध्ये ३.२ मिमीच्या बिटने भोकं पाडा. खोली किती? ४५ मिमीचा स्क्रू, त्यातून पॉकेटखालचं २९ मिमी लाकूड आणि दीड मिमीची पत्र्याची प्लेट वजा केली तर साडेचौदा उरतात. म्हणून १६ मिमी, त्याहून जास्त नाही. बिटला १६ वर इन्सुलेशन टेप गुंडाळा. नेकचा तो भाग जेमतेम २५ मिमी जाड असतो आणि वर फ्रेटबोर्ड आहे, बिट आरपार गेला तर दुरुस्ती नाही.

स्क्रूला कोरडा साबण किंवा मेणबत्ती चोळा. मेपल कठीण आहे, कोरडा स्क्रू अर्ध्यावर करकर वाजू लागला की थांबा, मागे घ्या, पुन्हा साबण लावा. जोर केलात तर डोकं तुटून हातात येतं. ट्यूनरच्या (तारा पिळायच्या खुंट्यांच्या) बारीक स्क्रूंचं तर हे नेहमीचं आहे. त्यांना १.५ मिमीचं भोक पाडल्याशिवाय हात लावू नका. ट्यूनर मागवण्याआधी डोक्यावरची भोकंही मोजा: १० मिमी असतील तर नव्या पद्धतीचे, ८.५ ते ८.८ असतील तर जुन्या पद्धतीचे, बुशिंग (धातूची कडी) ठोकून बसवायचे.

---

सोल्डर_आणि_राळ

तिसऱ्या प्रश्नाचं उत्तर: २५ वॅट स्विच आणि जॅकला पुरते, पॉटच्या पाठीला नाही. पॉटचं कवच उष्णता खेचून घेतं. कमी वॅटच्या आयर्नने तुम्ही तिथे अर्धा मिनिट टेकून बसता, सोल्डर राखाडी, मण्यासारखं वर बसून राहतं आणि तेवढ्या वेळात पॉटच्या आतला कार्बनचा पट्टा भाजून निघतो. ६० वॅटची घ्या, रुंद टोकाची. पाठीवर २२० नंबरचा पॉलिश पेपर घासा, आधी नुसतं सोल्डर पसरवा, मग वायर टेकवा. दोन-तीन सेकंदांत चकचकीत आणि पसरट बसलं तर जोड पक्का. सोल्डर ६०/४०, आत राळ असलेलं. नळजोडणीची ॲसिड पेस्ट अजिबात नको, सहा महिन्यांत हिरवा गंज धरते.

पॉट, कपॅसिटर, स्विच, वायर यांसाठी तुम्हाला लांब जायला नको, ग्रँट रोडला उतरून लॅमिंग्टन रोड गाठा. मात्र छापलेलं स्वतः वाचून घ्या. सिंगल कॉइलला २५० के (किलोओहम) चे पॉट, तीन नग. ए म्हणजे लॉग, बी म्हणजे लिनियर. व्हॉल्यूमला ए घ्या, नाहीतर नॉब दहावरून सातवर आणला तरी आवाज उतरल्यासारखा वाटत नाही. कपॅसिटरवर ४७३ लिहिलेलं असेल तर तो ०.०४७ मायक्रोफॅरड, २२३ असेल तर ०.०२२. स्ट्रॅटला दोन्ही चालतात, दुसऱ्याने टोन कमी बुजतो. व्होल्टेज जास्तीचं असलं तरी फरक पडत नाही. पॉटचा दांडा आणि मानेची (आटे असलेल्या भागाची) जाडी पिकगार्डच्या (बॉडीवरच्या पुढच्या पत्र्याच्या) भोकाशी ताडून पाहा. मोठ्या पॉटची मान साडेनऊ मिमी असते, छोट्यांची सात-आठ. म्हणून पिकगार्ड सोबत घेऊन जा.

ट्रेमोलोच्या मागच्या क्लॉला (स्प्रिंग अडकवायच्या पट्टीला) अर्थची वायर विसरू नका. ती नसली की तारांना हात लावला तरी हम (गुणगुण) कमी होत नाही. आणि हात लावल्यावर हम वाढत असेल तर जॅकवर गरम (सिग्नलची वायर) आणि अर्थ उलटे झालेत.

तारा चढवण्याआधी जॅकमध्ये केबल घालून मल्टिमीटरने मोजा, व्हॉल्यूम पूर्ण उघडा ठेवून. एक पिकअप निवडलेला असताना साडेपाच ते सात किलोओहम दिसावेत. स्विचच्या दुसऱ्या आणि चौथ्या जागी दोन पिकअप समांतर येतात, म्हणून साधारण निम्मे, तीनच्या आसपास. व्हॉल्यूम बंद केला की शून्य. अर्ध्यावर ठेवलात तर आकडा बराच जास्त दिसेल, तो दोष नव्हे, पॉटचाच रेझिस्टन्स आहे. मग ॲम्पला लावून स्क्रूड्रायव्हरने प्रत्येक पिकअपवर हलकेच टिचकी मारा; स्विच ज्या जागी असेल तोच पिकअप टकटकला पाहिजे. दुसऱ्या-चौथ्या जागी आवाज पातळ, नाकातला आणि अशक्त आला तर मधला पिकअप उलट्या फेजमध्ये आहे, त्याच्या दोन वायरींची अदलाबदल करा.

एक गोष्ट गिटारबाहेरची, पण कळकळीने सांगतो. जुन्या चाळींत आणि इमारतींत तीन पिनांचा सॉकेट असतो पण मागे अर्थिंग नसतं. तारांना हात लावल्यावर मुंग्या आल्या तर ते पिकअपचं काम नाही, त्याच क्षणी प्लग काढा आणि इलेक्ट्रिशियनला बोलवा. गिटारच्या तारा ॲम्पच्या अर्थला जोडलेल्या असतात.

---

खाऱ्या_हवेतलं_लाकूड (माहीम)

वरच्या दोघांनी मुख्य ते सांगितलं. मी मुंबईच्या हवेपुरतं लिहिते.

कोरी मेपल नेक पावसाळ्यात उघडी ठेवू नका. ती दमट हवा पिते, फुगते आणि वाकते. मात्र लॅकरही आत्ता मारू नका. नायट्रोसेल्युलोज लॅकरचा सॉल्व्हंट उडताना पृष्ठभाग गार होतो, हवेतली वाफ त्यावर बसते आणि थर दुधाळ होतो. जून ते सप्टेंबर हे इथे हमखास होतं. आत्ता करायचंच असेल तर फडक्याने पुसून लावायचं पॉलीयुरेथेन बरं. पातळ चार-पाच थर, दोन थरांमध्ये पूर्ण एक दिवस, मध्ये ४०० नंबरचा पेपर. फ्रेटबोर्डही मेपलचाच असेल तर त्यालाही लावा आणि फ्रेटवर आलेलं लगेच पुसा. नेकचा पॉकेटमध्ये बसणारा भाग कोराच ठेवा, थराने जाडी वाढते आणि बसता बसत नाही.

नेक ज्या खोलीत राहणार तिथे आठवडाभर आडवी, दोन्ही टोकांना आधार देऊन ठेवा, मगच भोकं पाडा. रात्री एसी चालत असेल तर फ्रेटची टोकं कडेला बोटाला टोचू लागतील. लाकूड आकसतं, धातू नाही. बारीक कानस कडेशी तिरकी धरून टोकं उतरवायची.

सेटअपचा क्रम मोडू नका: आधी ट्रस रॉड (नेकच्या आतला, तिचा वाक सुधारणारा दांडा), मग तारांची उंची, मग नट, शेवटी इंटोनेशन (सगळ्या फ्रेटवर सूर बरोबर लागणं). तारा सुरात लावा, पहिल्या फ्रेटवर कॅपो (तारा दाबून धरणारा चिमटा), सहावी तार सतराव्या फ्रेटवर दाबा आणि आठव्या फ्रेटवरची फट बघा. पाव मिमी पुरते. रॉड एका वेळी पाव फेरा, मग दहा मिनिटं थांबा. तारांची उंची सतराव्या फ्रेटवर १.६ मिमीपासून सुरू करा. तयार नटच्या खाचा बहुतेकदा उथळ असतात, त्यामुळे पहिल्या दोन फ्रेटवरचे कॉर्ड वर चढल्यासारखे लागतात आणि माणूस उगाच इंटोनेशनशी झगडत बसतो. तिसऱ्या फ्रेटवर तार दाबून पहिल्या फ्रेटवर टिचकी द्या. तार किंचित हलली की खाच बरोबर.

ट्रस रॉड पावसाच्या सुरुवातीला आणि पाऊस संपल्यावर असा वर्षातून दोनदा तपासायचा. केसमध्ये सिलिका जेलच्या पुड्या ठेवा, समुद्राजवळ ब्रिजचे सॅडल-स्क्रू आधी गंजतात.

---

सहा_तारा (दादर)

मनापासून आभार. ब्रिज ५६ चा बदलून आणला, क्रम तुम्ही सांगितला तसाच ठेवला. नेक बसली, आवाज स्वच्छ आहे, मल्टिमीटरवर ५.८ आणि २.९ दिसले. पण एक अडचण आहे. स्क्रू आवळताना नेक थोडी फिरली असावी. शेवटच्या फ्रेटवर पहिल्या तारेपासून कड २ मिमी आणि सहाव्या तारेपासून ४ मिमी आहे. पहिली तार ओढली की कडेवरून घसरते. भोकं बुजवून पुन्हा पाडावी लागतील का?

---

नेक_आणि_पॉकेट

नाही, भोकांना हात लावू नका. तुमच्याच मापांनुसार पॉकेट ५६.४ आणि नेक ५५.८, म्हणजे ०.६ मिमी मोकळीक आहे. नेक एका बाजूला टेकली असेल तर तेवढ्यात काम होतं: पॉकेट सुमारे ७५ मिमी लांब आहे, त्यातला ०.६ मिमीचा तिरकेपणा शेवटच्या फ्रेटवर जवळपास १ मिमीचा फरक पाडतो, आणि तुम्हाला १ मिमीच हवा आहे.

तारा सुरातून एक-दोन स्वर उतरवा, पण काढू नका. चारही स्क्रू अर्धा-अर्धा फेरा सैल करा. गिटार मांडीवर वाजवायच्या स्थितीत धरा, डाव्या हाताने नेकचं डोकं जाड तारेच्या बाजूला, म्हणजे तुमच्या चेहऱ्याकडे, हळूच ओढा. लाकडातून ‘टक्’ असा बारीक आवाज येतो, तेव्हा नेक सरकलेली असते. तशीच दाबून धरा आणि दुसऱ्याला स्क्रू कर्णरेषेत आवळायला सांगा, एकदम एकच पूर्ण नाही. मग कड पुन्हा मोजा.

डोकं ओढूनही हलत नसेल तर स्क्रू बॉडीच्या भोकात अडकताहेत. ती ४.५ मिमीची आहेत ना ते तपासा, कमी असतील तर फक्त बॉडीतली भोकं मोठी करा. नेकमधली तशीच राहू द्या. सरकवल्यावर इंटोनेशन पुन्हा बघावं लागेल. बाराव्या फ्रेटवरचा स्वर मोकळ्या तारेच्या हार्मोनिकपेक्षा (तिथे तारेला हलकेच स्पर्श करून काढलेल्या स्वरापेक्षा) चढा लागला तर सॅडल मागे, उतरला तर नेकच्या दिशेने पुढे.

---

सहा_तारा (दादर)

सरकली. आता ३ आणि ३. बॉडीतलं एक भोक ४ मिमीचं निघालं, तेच धरून ठेवत होतं.