उन्हाळी सुट्टीत साताऱ्याहून एका दिवसात कुठे जाऊन यावे? (लहान मुले आणि गुडघेदुखी असलेल्या सासूबाई सोबत)

शाहूपुरीची मामी

नमस्कार. माझ्या नणंदेची दोन मुले, मुलगा १२ वर्षांचा आणि मुलगी ६ वर्षांची, मे महिन्याच्या दुसऱ्या आठवड्यात ठाण्याहून आमच्याकडे दहा दिवसांसाठी येत आहेत. आमची मुलगी ९ वर्षांची आहे. माझ्या सासूबाईंचे वय ७२ असून त्यांचे दोन्ही गुडघे दुखतात. सपाटीवर त्या काठी टेकत सावकाश चालतात, पण जास्त पायऱ्या त्यांना झेपत नाहीत. पतीला रविवारखेरीज सुट्टी नाही, त्यामुळे आमची लहान मोटार मीच चालवणार आहे आणि त्यात आम्ही पाच जण नीट बसू शकतो.

मागच्या वर्षी आमच्या दोन चुका झाल्या. एका रविवारी महाबळेश्वरला निघालो आणि पसरणी घाटात गाड्यांच्या रांगेत इतका वेळ गेला की मुलीला उलट्या झाल्या आणि शेवटी पाचगणीहूनच परत फिरलो. दुसऱ्या खेपेस ठोसेघरला गेलो, तेव्हा धबधब्याच्या जागी कोरडा काळा कडा पाहून मुलांचे चेहरे उतरले. छायाचित्रे पावसाळ्यातली असतात, हे आम्हाला आधी सुचायला हवे होते.

या वेळी जवळचीच, पण मुलांच्या मनात राहतील अशी ठिकाणे हवी आहेत. सासूबाईंना घरी ठेवून जाणे आम्हाला कोणालाच आवडत नाही. ‘तुम्ही जा, मी दार सांभाळते,’ असे त्या दर वेळी म्हणतात आणि आम्ही परत येईपर्यंत व्हरांड्यात बसून राहतात. त्यांचे माहेर वाईचे आहे. अनुभवी मंडळींनी कृपया मार्गदर्शन करावे.

माजी शिक्षक, सातारा

ताई, आपण सासूबाईंना सोबत नेण्याचे ठरवले आहे, हे वाचून फार बरे वाटले. मी गेली अनेक वर्षे सुट्टीत नातवंडांना घेऊन हिंडतो. त्यावरून एक गोष्ट आग्रहाने सांगतो : मे महिन्यातली सहल उन्हाच्या वेळा पाहून आखावी आणि एका दिवशी एकच ठिकाण ठरवावे. सकाळी सहाला घर सोडावे व साडेदहापर्यंत परत यावे, नाहीतर ऊन उतरल्यावर पाचनंतर निघावे. मधल्या वेळेत मुलांना घरात पत्ते खेळू द्यावेत आणि आंबे खाऊ द्यावेत.

पहिले नाव मी लिंबच्या बारा मोटांच्या विहिरीचे घेईन. साताऱ्याहून पुण्याच्या वाटेवर लिंबफाटा लागतो, तेथून आत वळायचे. सगळे अंतर सुमारे १६ किलोमीटर आहे. श्रीमंत विरूबाई भोसले यांनी १७१९ ते १७२४ या काळात, म्हणजे छत्रपती शाहू महाराजांच्या कारकिर्दीत, परिसरातल्या आमराईला पाणी मिळावे म्हणून ही विहीर बांधवली. विहीर अष्टकोनी असून तिला जोडून आयताकृती भाग आहे, त्यामुळे वरून पाहताना तिचा आकार शिवलिंगासारखा दिसतो. खोली सुमारे ११० फूट आणि व्यास सुमारे ५० फूट सांगितला जातो. पायऱ्या उतरून गेले की विहिरीच्या पोटात चक्क एक छोटा महाल आहे आणि बाहेर ऊन चढू लागले असले तरी त्या दगडांत गारवा टिकून असतो.

मात्र आजच्या मुलांना मोट म्हणजे काय, हे आधी घरी सांगून ठेवावे, नाहीतर त्यांना विहिरीचे नावही कळणार नाही. चामड्याची भली मोठी पखाल, तिला वर ओढणारा नाडा, तिची सोंड धरून ठेवणारा सोंदूर, बैल उताराने चालत जायचे ती धाव, आणि मोट रिकामी व्हायची ते थारोळे, इतके शब्द पुरेत. माझ्या नातवाने काठावर उभे राहून विचारले, की बैल धावेवरून खाली जाताना मोट वर येते, तर मग बैल मागे कसे यायचे? त्यांना उलट्या पावलांनी मागे आणायचे, असे मी सांगितले, तेव्हा तो तिथेच पाठमोरा चालत जाऊन मोट हाकू लागला. बारा ठिकाणी एकाच वेळी बैलजोड्या चालत असतील, तेव्हा येथे काय आवाज होत असेल, याची कल्पना त्याने स्वतःहून केली. सासूबाईंना खाली उतरण्याची गरज नाही. वर सावलीत घडीची खुर्ची टाकून द्यावी. विहीर उघडी आहे, तेव्हा सहा वर्षांच्या मुलीचा हात क्षणभरही सोडू नये.

एका सकाळी अजिंक्यताराही करावा. दरवाजाच्या जवळपर्यंत गाडीरस्ता आहे आणि वरून सगळे शहर नकाशासारखे दिसते. १७०८ साली शाहू महाराजांचा राज्याभिषेक याच गावात झाला, हे मुलांना तेथेच सांगावे. संगम माहुली संध्याकाळी करावी. कृष्णा आणि वेण्णा यांचा संगम, शाहू महाराजांची आणि महाराणी ताराबाईंची समाधी, विश्वेश्वराचे देऊळ, हे सगळे शहरापासून इतके जवळ आहे की दिवेलागणीला घरी पोहोचता येते. न्यायनिष्ठुर रामशास्त्री प्रभुणे याच माहुलीचे.

यवतेश्वर रस्ता

कासबद्दल कोणीतरी सांगेलच, म्हणून आधीच लिहितो. पश्चिम घाटातल्या जागतिक वारसास्थळांत २०१२ पासून कासची गणना होते ती फुलांमुळे, आणि ती फुले पावसाळा सरताना येतात. मे महिन्यात सडा, म्हणजे पठारावरचा उघडा कातळ, पिवळा आणि वाळलेला असतो. फुलांसाठी निघाल, तर ठोसेघरचीच गोष्ट पुन्हा घडेल.

तरीही मी मुलांना कासच्या रस्त्याने एकदा नेईन, पण कारण वेगळे सांगून. सातारा शहराला कास तलावाचे पाणी येते. सकाळी घरच्या नळाखाली तांब्या भरताना मुलांना सांगावे की हे पाणी जिथून येते ती जागा आज पाहायची आहे, आणि मग यवतेश्वरचा घाट चढून तलावाच्या काठच्या झाडीत बसून न्याहारी करावी. वाटेवर बायका पळसाच्या पानांच्या द्रोणांतून करवंदे आणि जांभळे विकत असतात. ती घ्यावीत, पण करवंदांचा चीक कपड्यांना लागला तर डाग जात नाही. अंजनीची झुडपे निळ्या-जांभळ्या फुलांनी भरलेली दिसली, तर गाडी बाजूला घेऊन थांबावे. त्या झुडपाकडे कोणी लक्ष देत नाही, याचे मला फार वाईट वाटते.

दुपारनंतर ढग जमू लागले, की सड्यावर रेंगाळू नये. वळवाचा पाऊस विजा घेऊन येतो आणि सड्यावर आडोसा नसतो.

वाईकर

मामी, सासूबाईंचे माहेर वाई असताना तुम्ही इतरत्र शोध का घेत आहात? आधी त्यांना माहेरी न्या. अंतर ३५ किलोमीटरच्या आसपास आहे आणि पसरणी घाट वाईच्या पुढे लागतो, त्यामुळे तुम्ही त्या रांगेत अडकणार नाही. फक्त शनिवार-रविवार टाळावा.

ढोल्या गणपतीचे देऊळ १७६२ साली गणपतराव भिकाजी रास्ते यांनी कृष्णेच्या घाटावर बांधले. मुलांना दर्शनानंतर देवळाच्या मागच्या बाजूला अवश्य न्यावे. ती भिंत माशाच्या आकाराची निमुळती बांधली आहे, म्हणजे पुराचे पाणी तिच्यावर थेट न आदळता दोन्ही बाजूंनी दुभंगून जाते. नदीच्या पात्रालगत देऊळ बांधायचे आणि ते टिकवायचेही, हा विचार त्या एका भिंतीत दिसतो. शेजारच्या काशीविश्वेश्वराच्या देवळातला नंदीही पाहावा.

तेथून मेणवली अगदी जवळ आहे. नाना फडणवीसांचा वाडा खासगी मालकीचा असल्यामुळे आत जाण्यापूर्वी तेथील माणसांना विचारावे. वाड्यामागच्या घाटावर एका छोट्या घुमटीत मोठी घंटा टांगलेली आहे. चिमाजी अप्पांनी १७३९ साली वसई जिंकली, तेव्हाच्या विजयाची ती खूण आहे. उन्हे वर आली नसतील, तर पुढे धोमला नरसिंहाच्या देवळात जावे. तिथल्या कमळाच्या आकाराच्या कुंडात कासवाच्या पाठीवर नंदी बसलेला आहे. सहा वर्षांच्या मुलीला किल्ल्यांच्या कथांपेक्षा ते कासव जास्त आवडेल. वाईत मराठी विश्वकोशाचे काम तर्कतीर्थ लक्ष्मणशास्त्री जोशी यांनी उभे केले, हे बारा वर्षांच्या मुलाला सांगायला विसरू नये.

परिचारिका, सांगली

सर्वांनी ठिकाणे उत्तम सुचवली आहेत. मी फक्त पाण्याविषयी लिहिते आणि ते मनापासून लिहिते, कारण सुट्टीच्या दिवसांत बुडालेली मुले रुग्णालयात आणलेली मी पाहिली आहेत आणि त्यांच्या आईवडिलांच्या शेजारी उभी राहिले आहे.

धरणाच्या फुगवट्यात मुलांना घोट्यापलीकडे उतरू देऊ नये. काठाशी पाणी उथळ दिसते, पण खाली गाळ असतो, पाय रुततो आणि एका पावलाच्या अंतरावर खड्डा असू शकतो. पोहता येणारी माणसेही तेथे फसतात. बामणोलीला शिवसागर जलाशयात होडीत बसणार असाल, तर जीवरक्षक जाकीट अंगावर चढवून पट्टे आवळल्याशिवाय होडी सुटू देऊ नये, मग होडीवाल्याला उशीर झाला तरी चालेल.

सासूबाई बाहेर जायचे म्हटले की पाणी कमी पितात का, ते पाहावे. वाटेत स्वच्छतागृह मिळणार नाही, या भीतीने बहुतेक बायका तसे करतात आणि उन्हात चक्कर येते. निघण्याआधीच सोय कुठे आहे ते ठरवून त्यांना सांगितले, तर त्या निर्धास्तपणे पाणी पितील. मीठ-साखर घातलेले लिंबाचे सरबत किंवा पन्हे सोबत असावे. रक्तदाबाच्या गोळ्या चालू असतील, तर मीठ किती घ्यावे हे डॉक्टरांना विचारून घ्यावे.

कऱ्हाडकर

माजी शिक्षकांच्या साडेदहाच्या नियमाला एक अपवाद सुचवतो. औंधचे श्रीभवानी चित्रसंग्रहालय भर दुपारी पाहण्याचेच ठिकाण आहे, कारण तेथे सगळा वेळ छपराखाली जातो. साताऱ्याहून रहिमतपूरमार्गे सुमारे ४५ किलोमीटर अंतर आहे. सकाळी लवकर पोहोचून आधी यमाईचे दर्शन घ्यावे. सासूबाईंसाठी गावातले देऊळ सोयीचे आहे आणि त्यापुढची उंच दीपमाळ मुलांना मान वर करकरून पाहावी लागेल. मग संग्रहालयात शिरावे आणि ऊन कलल्यावर परतावे. सोमवारी मात्र जाऊ नये.

औंधचे अधिपती भवानराव पंतप्रतिनिधी हे स्वतः चित्रकार होते आणि सूर्यनमस्कारांचे मोठे पुरस्कर्ते होते. त्यांनी १९३८ साली हे संग्रहालय उभे केले. एवढ्याशा संस्थानाच्या गावात राजा रविवर्म्याची मूळ चित्रे आणि हेन्री मूर यांचे माता-बालकाचे शिल्प आहे, याचा आपल्या जिल्ह्याला जेवढा अभिमान वाटायला हवा तेवढा वाटत नाही, असे मला प्रामाणिकपणे वाटते. मुलांना सगळी दालने पाहायला लावू नयेत. प्रत्येकाने एकच चित्र निवडून त्यासमोर पाच मिनिटे उभे राहावे आणि घरी आल्यावर ते आठवून काढावे, असे आम्ही केले होते. माझ्या मुलीने काढलेला हत्ती अजून आमच्या कपाटावर चिकटवलेला आहे.

शाहूपुरीची मामी

सर्वांचे मनापासून आभार. मुले येऊन सहा दिवस झाले, म्हणून कळवते आहे.

लिंबची विहीर पहिल्याच दिवशी पाहिली. सर, मोटेचे शब्द मी आदल्या रात्री सांगू लागले, तर सासूबाईंनी मला थांबवून स्वतः सांगायला सुरुवात केली. त्यांच्या मामांकडे मोट होती. माहुलीला संध्याकाळी जाऊन आलो. कासला मात्र वाटेतच आभाळ भरून आल्यामुळे यवतेश्वरहून माघारी वळलो आणि करवंदे घरी येऊन खाल्ली.

काल मंगळवारी वाईला गेलो. निघण्यापूर्वी ताईंनी लिहिल्याप्रमाणे, मध्ये कुठे थांबायचे ते सासूबाईंना सांगितले आणि खरोखरच त्यांनी या वेळी पाण्याची बाटली मागून घेतली. ढोल्या गणपतीच्या मागच्या भिंतीशी आम्ही बराच वेळ होतो. मेणवलीला मी त्यांना घाटाच्या वरच्या पायरीवर बसवणार होते, पण त्या माझ्या आणि भाच्याच्या खांद्यावर हात ठेवून एकेक पायरी उतरत खाली गेल्या. वाटेत तीनदा बसल्या. शेवटच्या पायरीवर बसून त्यांनी पाय पाण्यात सोडले आणि म्हणाल्या, ‘वाईच्या घाटावर आम्ही पाठीला वाळका भोपळा बांधून पोहायला शिकलो.’ भाचा तोपर्यंत फोनमध्ये पाहत होता. भोपळा बांधून म्हणजे कसे, असे त्याने विचारले, आणि मग भोपळा कोण वाळवायचे, दोरी कशी बांधायची, पहिल्यांदा भोपळ्याशिवाय पाण्यात कोणी ढकलले, पूर आला की पाणी गणपतीच्या देवळात कुठपर्यंत चढायचे, असे प्रश्न येतच राहिले. आम्ही तेथून हललो तेव्हा दहा वाजून गेले होते. धोमचे कासव राहिले, म्हणून धाकटी रुसली आहे.

आता परवा औंध आणि रविवारी, पती सोबत असताना, धोम असे ठरले आहे. वाईकर, धोमच्या देवळात कुंडापर्यंत जायला पायऱ्या किती आहेत, तेवढे कळवावे. सासूबाईंनी स्वतः विचारायला सांगितले आहे.

वाईकर

थोड्याच आहेत आणि रुंद आहेत. काठी घेऊन सावकाश जमेल. कुंडात पाणी असले, तर नंदी तरंगल्यासारखा दिसतो. धाकटीला आधी काही सांगू नका, तिचे तिलाच पाहू द्या.