आग्नेय आशियातली जुनी शहरं: तुमचा अनुभव लिहा

व्हिएतनाम, लाओस, कंबोडिया, थायलंड, मलेशिया. तिथले समुद्रकिनारे आणि खरेदी यांवर भरपूर लिहून झालंय. इथे जुन्या शहरांबद्दल लिहा. याद्या नकोत, जिथे पाय रेंगाळला ती जागा सांगा.

सुरुवात मी करते. होई आन, व्हिएतनाम. थू बॉन नदीवरच्या या बंदरात जपानी आणि चिनी व्यापारी घरं बांधून राहिले. पुढे नदीत गाळ साठला, व्यापार दा नांगला गेला, आणि त्यामुळेच लाकडी घरं वाचली. कंदिलांसाठी संध्याकाळी झुंबड उडते. मला पहाटेचं गाव जास्त आवडलं. तान की नावाच्या जुन्या घरात पुराचं पाणी कुठवर चढलं होतं त्या खुणा भिंतीवर आहेत, त्या नक्की बघा.

*

होई आनला गेलात तर माय सन चुकवू नका. मध्य व्हिएतनामवर पूर्वी राज्य करणाऱ्या चाम राजांनी बांधलेली विटांची शिवमंदिरं आहेत. 1969 च्या अमेरिकन बॉम्बफेकीत बरीच पडली. देवळांच्या शेजारीच बॉम्बचे खड्डे आहेत, आता गवताने भरलेले. तिथे फार बोलावंसं वाटत नाही.

*

माझं मत कंबोडियातल्या अंकोर वाटला. सूर्योदयाचा फोटो झाला की तळ्याकाठची गर्दी पांगते, तेव्हा आत ओवऱ्यांत शिरा. पूर्वेकडे सुमारे 49 मीटर लांबीचं समुद्रमंथन कोरलंय: मधोमध विष्णू, खाली कूर्म, दोन्ही बाजूंनी वासुकी ओढणारे देव आणि दानव. पश्चिमेला कुरुक्षेत्र आहे. शरपंजरी पडलेले भीष्म मी पाटी न वाचता ओळखले आणि डोळे भरून आले. बाराव्या शतकात, सूर्यवर्मन दुसरा याच्या काळात, इतक्या दूर ही कथा कुणीतरी एवढ्या जिव्हाळ्याने कोरली! खांदे आणि गुडघे झाकणारे कपडे घाला, नाहीतर वरच्या गाभाऱ्याकडे सोडत नाहीत.

*

अयुथया बहुतेक जण बँकॉकहून सकाळी जाऊन संध्याकाळी परततात. मला ते पटत नाही. 1350 मध्ये वसलेली थायलंडची ही जुनी राजधानी 1767 मध्ये बर्मी सैन्याने जाळली. शिरं नसलेल्या बुद्धमूर्तींच्या रांगा पाहिल्या की ते वर्ष लक्षात राहतं. भर दुपारी विटा तापतात आणि माणूस कंटाळतो. मुक्काम करा, सायकल घ्या, आणि ऊन उतरल्यावर नदीकाठच्या ‘वाट चायवत्थनाराम’ला जा (तिकडे ‘वाट’ म्हणजे बौद्ध देऊळ).

*

लाओसमधल्या लुआंग प्रबांगमध्ये पहाटे भिक्खू भिक्षेला निघतात. कृपा करून पलीकडच्या फुटपाथवरूनच बघा, फ्लॅश नको. तो त्यांचा रोजचा धर्म आहे. नंतर वाट शिएंग थोंगच्या मागच्या भिंतीवरचा काचतुकड्यांचा वृक्ष निवांत बघता येतो. 2021 पासून राजधानी व्हिएन्टिनहून रेल्वे आहे, घाटातला लांबलचक बसप्रवास टळतो.

*

मलेशियातलं मलाक्का राहिलंच की! 1511 मध्ये पोर्तुगीज, 1641 मध्ये डच, मग इंग्रज. पण मला भावली ती एक गल्ली: विनायकाचं देऊळ, मशीद आणि चिनी मंदिर, सगळं काही पावलांवर. जवळच्या जोंकर स्ट्रीटवर शुक्रवार ते रविवार रात्रबाजार असतो. शांतता हवी असेल तर सोमवार ते गुरुवार जा.