विषय: धनुष्य ओढताना हात वर जातो, शनिवारच्या आत सांगा

मंडळी,
काल परत तेच. हरणी २० यार्डांवर, वारा माझ्या तोंडावर. ओढायला गेलो तर दोरी अर्ध्यात अडली, धनुष्य आभाळाकडे गेलं अन् तिनं पांढरं शेपूट उभारून धूम ठोकली. चाकांचं (कंपाउंड) धनुष्य आहे, ओढायचं वजन ६० पौंडांवर लावलंय. घरामागं उभं राहून ओढलं जातं, मचाणावर बसून नाही. उजवा खांदा धरलाय.
– सेलूकर

अरे, गेल्या वर्षीच म्हणालो होतो, वजन उतरव. धनुष्याच्या वरच्या-खालच्या दोन्ही कांबांचे बोल्ट सारखे ढिले कर, एका फेऱ्याला साधारण २ पौंड जातात. किती फेरे चालतात ते पुस्तिकेत आधी बघ. विस्कॉन्सिनात हरणाला ३० पौंड किमान लागतात, ५० भरपूर झाले. खुर्चीवर बस, दोन्ही पाय उचल, धनुष्य नेमावर धरून सावकाश ओढ. हात वर गेला की समज, वजन झेपत नाही.
– उदगीरचे काका

काका, नुसत्या वजनानं भागत नाही. दंडानं ओढला की खांदा धरणारच. कोपर मागं न्यायचं, पाठीचे खवाटे एकमेकांकडे आले पाहिजेत. एकदा चाक फिरलं की ८० टक्के भार उतरतो, ६० चे हातात १२ उरतात. खरा त्रास त्याच्या आधीच्या वीतभर अंतराचा. हरणाचं डोकं झाडाआड गेलं की तेव्हाच ओढा. आणि सराव थंडीचं जाड जाकीट घालूनच करा, बाही दोरीला लागते.
– अंबाजोगाईची ताई

फराळाच्या ताटांचा आकडा अजून तिघांनी दिला नाही अन् मंडळाच्या ईमेल यादीवर शिकार! मी सध्या परभणीत आहे. ज्वारीत काळविटांचा कळप उतरतो, बाबा रात्री दोनदा उठून पत्र्याचा डबा बडवतात. १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्यानं त्यांना हात लावता येत नाही, लावूही नये. पण हे वाचून पोटात कसंतरी होतं.
– परभणीच्या वहिनी

वहिनी, काळवीट वेगळं. त्याची शिंगं जन्माची, इकडच्या हरणाची दर वर्षी गळतात. इकडं परवाना काढून, ठरलेल्या हंगामातच मारतात.
– औशाचा

शिंगांचं राहू द्या. बाबांची झोप कोण भरून देणार?
– परभणीच्या वहिनी

वहिनी, बाबांना माझा नमस्कार सांगा. ताटं आमची चार.
काका, ५२ वर आणलं तरी पाय उचलले की हात हलायचा. ५० वर दोरी सरळ हनुवटीपर्यंत येते, खवाट्यांचं ताईंनी सांगितलं तसंच. पण वजन उतरल्यावर बाण चार बोटं खाली लागतोय, धनुष्यावरच्या नेम धरायच्या पिना परत लावाव्या लागतील. अधू नेमानं जनावर जखमी करून सोडायचं नाही. शनिवारी रानात जात नाही, सरावाच्या मैदानावर जातो. तुमचा पाना तिकडंच आणून देतो.
– सेलूकर